झडप मिटते कशामुळे?

उत्साही : सर, पहिल्या वर्षाच्या मुलाला फळ्यावर हृदय काढायला सांगा. वर दोन अलिंदं, खाली दोन निलयं, मध्ये भिंत, एका बाजूला निळा रंग, दुसऱ्या बाजूला लाल, आणि बाण. एकही चूक नसते. मग त्याच्या हातात खरं हृदय द्या आणि म्हणा, छातीत असतं तसं धर. तिथे तो अडतो. आकृतीत उजवं आणि डावं शेजारी शेजारी असतं. छातीत उजवं निलय पुढे, छातीच्या हाडामागे असतं आणि डावं अलिंद सगळ्यात मागे, अन्ननलिकेला टेकलेलं. फुफ्फुसधमनी महाधमनीच्या पुढून निघते आणि तिच्या डाव्या अंगाने मागे वळते. हा वळसा फळ्यावर नीट दाखवताच येत नाही. हेडसेट घातला की विद्यार्थी उजव्या निलयात उभा राहतो, मान वर करतो आणि रक्त कुठून बाहेर पडणार ते त्याला दिसतं. अमेरिकेत केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने क्लीव्हलँड क्लिनिकच्या साथीने होलोलेन्स या हेडसेटवर शरीररचना शिकवायला घेतली आणि २०२० च्या टाळेबंदीत पहिल्या वर्षाच्या मुलांना हेडसेट घरी देऊन वर्ग चालू ठेवला. स्टॅनफर्डच्या बालहृदयरोगतज्ज्ञांनी २०१७ मध्ये जन्मजात दोष दाखवणारं आभासी हृदय आणलं. आपण दोन रंगांच्या खडूंवर अजून किती वर्षं काढणार?

साशंक : आकृतीबद्दलची तुमची तक्रार मला मान्य आहे, मॅडम. पण त्यावरचा उपाय तुम्हीच त्या मुलाच्या हातात दिलात. खरं हृदय. ते त्याला थोडा वेळ धरू द्या. डिसेक्शन हॉलमध्ये उजवं अलिंद उघडायचं, आतल्या गुठळ्या धुऊन काढायच्या आणि दोन अलिंदांमधली भिंत उजेडासमोर धरायची. अंगठ्याएवढा एक खळगा दिसतो, फोसा ओव्हॅलिस. तिथे भिंत इतकी पातळ असते की उजेड आरपार येतो. गर्भात असताना रक्त इथूनच पलीकडे जात होतं. आता त्याच्या वरच्या काठाशी प्रोब हळूच सरकवा. साधारण चारांतल्या एका माणसात तो पलीकडे निघतो. जन्मानंतर बंद व्हायला हवी होती ती वाट पुरती बंद झालेली नसते, आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ता नसतो. ज्या टेबलावर हे सापडतं, तिथे बाकीच्या टेबलांवरची मुलं धावत येतात. ते कुणी ठरवून तिथे ठेवलेलं नव्हतं. हेडसेटमध्ये मात्र बनवणाऱ्याने घातलं असेल तेवढंच सापडतं. आणि निकालांचं म्हणाल, तर ऑस्ट्रेलियातल्या बाँड विद्यापीठाचा २०१७ चा अभ्यास पाहा. ५९ जणांचे तीन गट केले. एकाला व्हीआर, दुसऱ्याला ऑगमेंटेड रिॲलिटी, तिसऱ्याला साधा टॅबलेट. परीक्षेत तिघांच्या गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. व्हीआरवाल्यांना मात्र डोकेदुखी, गरगरणं आणि अंधूक दिसणं यांचा त्रास जास्त झाला.

उत्साही : तो अभ्यास मी वाचला आहे, आणि त्यात शिकवली होती ती कवटी. कवटी हलत नाही. तिला टॅबलेट पुरतो, यात मला नवल वाटत नाही. हृदयाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याची रचना हालचालीतच कळते. तुमचं ते फोसा ओव्हॅलिस मलाही प्रिय आहे, पण ज्या हृदयात ते दाखवता ते फॉर्मॅलिनने ताठ झालेलं, मातकट रंगाचं, एकाच आकारात थिजलेलं असतं. त्या टेबलाभोवती वीस-पंचवीस मुलं असतात, पुढची चार पाहतात आणि मागची त्यांच्या ॲप्रनच्या पाठी पाहतात. आणि ते हृदय एकदाही आकुंचन पावत नाही. परिणाम काय होतो? बहुतेक मुलांना वाटतं की हृदय चारही बाजूंनी आत दाबलं जातं. प्रत्यक्षात टोक जवळजवळ जागच्या जागी राहतं आणि अलिंद-निलयांच्या मधला झडपांचा पट्टा टोकाकडे खाली ओढला जातो. स्नायूंचे धागे तिरके, सर्पिल बसलेले असल्यामुळे वरचा रुंद भाग आणि खालचं टोक उलट दिशांना पिळले जातात. हे मृत हृदयात दिसणं अशक्य आहे. विल्यम हार्वेला हीच अडचण आली होती. जिवंत प्राण्याचं हृदय इतक्या वेगाने हलायचं की कोणता भाग केव्हा हलतो तेच त्याला सुरुवातीला उलगडेना. म्हणून तो बेडूक, साप, मासे अशा थंड रक्ताच्या प्राण्यांकडे आणि मरणाच्या दारातल्या प्राण्यांच्या मंदावलेल्या ठोक्यांकडे वळला. त्याला जे प्राणी मारून मिळवावं लागलं, ते आज हेडसेटमध्ये वेग कमी केला की मिळतं.

साशंक : हार्वेचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण तो माझा साक्षीदार आहे. १६२८ च्या ग्रंथात त्याने रक्ताभिसरण सिद्ध केलं, ते निव्वळ पाहून नाही. त्याने हिशेब मांडला. एका ठोक्याला कमीत कमी इतकं रक्त बाहेर पडतं असं धरलं, ठोक्यांनी गुणलं, आणि अर्ध्या तासात बाहेर पडणारं रक्त शरीरातल्या एकूण रक्तापेक्षा जास्त भरलं. एवढं रक्त अन्नातून सतत नव्याने तयार होणं शक्य नाही, म्हणजे तेच फिरून येत असलं पाहिजे. धमन्यांतून शिरांत ते कुठून जातं हे त्याने कधीच पाहिलं नाही. केशवाहिन्या माल्पिघीला बेडकाच्या फुप्फुसात दिसल्या १६६१ मध्ये; हार्वे १६५७ मध्येच वारला होता. न दिसलेली गोष्ट असलीच पाहिजे, हे त्याला तर्काने कळलं होतं. आता तुमच्या हेडसेटकडे येतो. डावं निलय आकुंचन पावू लागतं. मायट्रल झडप मिटलेली आहे, महाधमनीची झडप अजून उघडलेली नाही. सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागापुरती दोन्ही दारं बंद. आतल्या रक्तात एका थेंबाची वाढ नाही, घट नाही, आणि तेवढ्यात दाब पाऱ्याच्या दहा मिलिमीटरच्या आसपासवरून ऐंशीपर्यंत चढतो. साऱ्या हृदयचक्रातला हा सर्वांत निर्णायक क्षण, आणि त्यात डोळ्यांना दिसण्यासारखं जवळजवळ काही घडत नाही. तुमचा विद्यार्थी निलयात उभा राहून काय पाहणार?

उत्साही : भिंत पाहील, मिटलेल्या झडपा पाहील आणि बाजूला चढत जाणारी दाबाची रेघ पाहील. ऑगमेंटेड रिॲलिटीचा उपयोग मला इथेच दिसतो. आज आम्ही शरीरक्रियाशास्त्रात विगर्सची आकृती शिकवतो. महाधमनी, निलय आणि अलिंद यांचे दाब, निलयातलं रक्त, ईसीजी, हृदयाचे ध्वनी, सगळं एकाखाली एक. कार्ल विगर्स शिकवायचे तेही क्लीव्हलँडच्या त्याच वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात. आकृती अप्रतिम आहे, पण आमची मुलं तिच्या रेघा पाठ करतात. पहिला ध्वनी कुठे, रेघ कुठे वाकते, हे सांगतात. त्या वळणावर हृदयात काय चाललं आहे हे विचारलं की गप्प. रेघ आणि झडप एकाच नजरेत आली, आणि काळ मुलाच्या बोटाने पुढे-मागे सरकू लागला, तर त्या रेघेला अर्थ येतो. दाब दिसत नाही, हे खरं. पण दाबाची खूण त्याच्या कारणाशेजारी ठेवता येते.

साशंक : कारण हा शब्द तुम्ही उच्चारलात, माझी खरी हरकत तिथेच आहे. खऱ्या हृदयात झडपेला स्वतःची इच्छा नाही. तिला मिटवणारा स्नायूही नाही. पॅपिलरी स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या तिला फक्त उलटी होऊ देत नाहीत. निलयातला दाब अलिंदापेक्षा वाढला की ती मिटते, वाऱ्याने दार आदळतं तशी. आता ॲनिमेशनमध्ये काय होतं? बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं की अमुक क्षणी भिंत आत येईल आणि अमुक क्षणी झडप मिटेल. दोन्ही वेळापत्रकाप्रमाणे चालतात, एकीचा दुसरीशी संबंध नसतो. दाब मोजलेलाच नसतो, त्याची रेघ वेगळी काढून शेजारी चिकटवलेली असते. विद्यार्थ्याला मात्र वाटतं, हृदय कसं चालतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पुस्तकातली आकृती अपुरी आहे हे तिच्याकडे पाहूनच कळतं. हे चित्र पुरं वाटतं, म्हणून मला ते जास्त धोक्याचं वाटतं. तुमच्या हृदयात महाधमनीची झडप अरुंद करून पाहा. भिंतीवरचा ताण वाढतो का? की हृदय आधीसारखंच निवांत धडधडत राहतं?

उत्साही : हा प्रश्न रास्त आहे, आणि मी तो टाळणार नाही. बाजारातल्या पुष्कळ ॲप्समध्ये हृदय निवांत धडधडत राहतं. पण सगळीकडे नाही. दासो सिस्टीम्स या फ्रेंच कंपनीने २०१४ मध्ये लिव्हिंग हार्ट प्रकल्प सुरू केला. त्यातलं हृदय रेखाटलेलं नाही, गणिताने चालवलेलं आहे. विजेची लहर पसरते, स्नायू आकुंचन पावतो, त्यातून दाब निघतो. एक गोष्ट बदलली की बाकीच्यांना बदलावं लागतं. असं प्रारूप हेडसेटच्या मागे बसवलं तर झडप वेळापत्रकाने मिटणार नाही, दाबाने मिटेल. म्हणजे आपण वाद घालत होतो त्यापेक्षा खरा भेद वेगळाच निघाला. फळा विरुद्ध हेडसेट हा तो नव्हेच. एक साधन दाखवतं आणि दुसरं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतं, भेद तिथे आहे. पहिल्या प्रकारचं साधन रचनेला पुरतं. क्रिया शिकवायची तर दुसऱ्याला पर्याय नाही.

साशंक : इथवर मी तुमच्याबरोबर आहे. पण उत्तर देणाऱ्या साधनाचं उत्तर बरोबर की चूक, हे विद्यार्थ्याने कसं ओळखायचं? दोन निलयांमधल्या भिंतीत सूक्ष्म छिद्रं आहेत आणि रक्त त्यांतून झिरपतं, असं प्राचीन वैद्य गेलेनने सांगितलं होतं. हजाराहून अधिक वर्षं वैद्यांनी ते मानलं. भिंत समोर होती, हातात होती. व्हेसॅलियसलाही आपल्या शरीररचनेच्या ग्रंथाच्या १५४३ च्या पहिल्या आवृत्तीत ते स्पष्टपणे नाकारायचं धाडस झालं नाही, १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो धीटपणे बोलला. जे दाखवलं जातं त्याचा अधिकार इतका मोठा असतो. आणि आभासी शरीरंही आकाशातून पडत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९४ मध्ये ज्या पुरुषदेहाचे एकेक मिलिमीटरचे छेद घेऊन जगाला खुले केले, तो टेक्सासमध्ये १९९३ साली देहान्ताची शिक्षा झालेल्या, देह विज्ञानाला दिलेल्या कैद्याचा होता. एका माणसाचं हृदय जगाच्या डोळ्यांपुढे नमुना म्हणून गेलं. माझ्या हॉलमध्ये प्रत्येक टेबलावरचं हृदय वेगळं असतं. निलयांच्या मागच्या खाचेतली धमनी बहुतेकांत उजव्या कोरोनरीतून निघते, काहींत डावीतून. हे वेगळेपण पुस्तकात तळटीप असतं; टेबलावर मात्र ते एक माणूस असतं.

उत्साही : वेगळेपणाची बाजू मी तुमच्यापेक्षा जोराने मांडेन. सीटी आणि एमआरआयमधून आता हव्या त्या रुग्णाचं हृदय उभं करता येतं. फॅलोचा चौदोषी विकार घ्या. निलयांमधल्या भिंतीला भोक, फुफ्फुसाकडची वाट अरुंद, महाधमनी भोकावर सरकलेली, उजवं निलय जाड. तुमच्या हॉलमध्ये असं हृदय क्वचितच येणार, आणि संग्रहालयातल्या बरणीतलं प्रत्येक विद्यार्थ्याला कापून पाहता येणार नाही. आभासी हृदय शंभर मुलांनी शंभरदा उघडलं तरी उरतं. शल्यविशारद शस्त्रक्रियेआधी असंच हृदय फिरवून वाट ठरवू लागले आहेत. आणि त्या बाळाची आई? तिला आपण पॅडवर चार रेघा मारून समजावतो आणि सही घेतो. नर्सिंगच्या, फिजिओथेरपीच्या किती विद्यार्थ्यांना डिसेक्शन टेबल मनासारखं मिळतं? हृदय आतून पाहण्याचा हक्क फक्त एमबीबीएसच्या पहिल्या रांगेला असावा, असं तुम्हालाही वाटत नसेल.

साशंक : नाही वाटत. त्या आईसाठी तुम्ही हेडसेट आणलात तर मी स्वतः तो पुसून तिच्या हातात देईन. पण फॅलोचा विकार निघालाच आहे, तर हेलन टॉसिग आठवा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये निळी पडणारी बाळं तिच्यासमोर यायची. तिला ऐकू कमी येत असे, म्हणून हृदयाची थरथर ती बोटांनी जोखायची. तिच्या लक्षात आलं की ज्या बाळांची जन्मानंतर बंद होणारी डक्टस, म्हणजे महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांना जोडणारी वाट, उघडी राहिली आहे ती बरी असतात, आणि डक्टस बंद झाली की बिघडतात. मग ही वाट मुद्दाम तयार करता येईल का? शल्यविशारद ब्लॅलॉक आणि त्यांचे सहायक व्हिव्हियन थॉमस यांच्यासह त्याचं उत्तर नोव्हेंबर १९४४ मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळालं. तिला ते कुठल्या चित्रात दिसलं नव्हतं. एक गोष्ट बदलली तर दुसरीचं काय होईल, हा विचार तिने केला होता.

उत्साही : आणि तीच टॉसिग फ्लुओरोस्कोपच्या मागे तासन् तास उभी राहायची, सर. धडधडतं हृदय वेगवेगळ्या कोनांतून पडद्यावर पाहणं ही तिच्या काळातली नवी रीत होती, आणि तिच्या तर्काला खाद्य तिथूनच मिळालं. ज्याच्या मनात हृदयाचा आकारच उभा राहत नाही, त्याला बदल काय होईल हे विचारून उपयोग नाही. त्याच्याकडे बदलायला काही नसतं. तुमच्या-माझ्या मनात ते हृदय आधीपासून आहे, म्हणून आपल्याला चित्राची गरज कमी वाटते. मागच्या बाकावरच्या मुलीच्या मनात ते नाही. तिला आधी चित्र द्या, प्रश्न मग तिचा तिला पडेल.

साशंक : मला उलटं वाटतं. आधी प्रश्न, मग चित्र. एक उदाहरण देतो. पंचविशीतली गरोदर बाई, लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप आकसलेली. आतापर्यंत तिला फार त्रास नव्हता. सहाव्या महिन्यात धाप लागून ती येते, ठोके १४० वर. विद्यार्थ्याला विचारायचं : ठोके दुप्पट झाले तर हृदयचक्रातला कोणता काळ जास्त आखडतो? आकुंचनाचा की शिथिलतेचा? शिथिलतेचा, आणि अरुंद झडपेतून रक्त खाली उतरायला तोच काळ असतो. तो आखडला की रक्त डाव्या अलिंदात साचतं, मागे फुप्फुसांत दाटतं, धाप लागते. म्हणून त्या बाईचे ठोके मंद करावे लागतात. हे त्याने आधी बोलून दाखवावं, चुकलं तरी चालेल, आणि मग हेडसेट घालून पडताळावं. आधी पाहिलं तर तो मान डोलावतो आणि विसरतो. आधी बांधलेला अंदाज चुकला तर तो जन्मभर विसरत नाही.

उत्साही : अंदाज बांधायलाच हवा ही अट मला मान्य आहे, क्रम मान्य नाही. कोणत्या मुलाला आधी चित्र हवं आणि कोणाला आधी प्रश्न, हे वर्गात उभं राहूनच कळेल. पण तुम्हाला आणखी काहीतरी बोचतं आहे.

साशंक : पैसा आणि माणूस. होलोलेन्स २ बाजारात आला २०१९ मध्ये, साडेतीन हजार डॉलरला. २०२४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. पाच वर्षं. आमच्या संग्रहालयातल्या बरण्या त्याच्या कितीतरी आधीपासून कपाटात उभ्या आहेत आणि पुढेही राहतील. देशात वैद्यकीय महाविद्यालयं सातशेच्या वर गेली आहेत. शिक्षक कमी, मृतदेह कमी. अशा वेळी हेडसेट घेतले की डिसेक्शनचे तास कापायला सबब मिळते. पहिल्या दिवशी मुलं टेबलासमोर उभी राहून शपथ घेतात. समोरच्या माणसाने काही न मागता स्वतःला दिलेलं असतं. नानाजी देशमुखांचा देह २०१० मध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे दिल्लीच्या एम्सला दिला गेला. नाव न छापून येता देणारे आपल्या गावोगावी आहेत. डॉक्टरकीचा पहिला धडा त्या ऋणाचा आहे, आणि तो बंद करता येणाऱ्या हृदयातून मिळत नाही.

उत्साही : तो धडा कुठल्याही यंत्रातून मिळणार नाही, हे मी लिहून देते. हेडसेटच्या नावाखाली कुणी डिसेक्शनचा एक तास जरी कापला, तर त्या बैठकीत मी तुमच्या बाजूला बसेन. पण अशा सबबीच्या भीतीने मागच्या बाकावरच्या मुलीला धडधडतं हृदय पाहू न देणं, हे मी मान्य करणार नाही. आधी चित्र की आधी प्रश्न, यावर आपलं जमलेलं नाही, आणि ते दोघांनी बोलून जमणारही नाही. त्यासाठी एकाच वर्षाच्या दोन तुकड्यांना दोन क्रमांनी शिकवावं लागेल आणि सहा महिन्यांनी, सगळं विसरण्याची वेळ झाल्यावर, परीक्षा घ्यावी लागेल.

साशंक : आणि त्या परीक्षेत नावं विचारायची नाहीत. बाणाने दाखवलेला भाग ओळखा, हा प्रश्न फळ्यावर शिकलेला आणि हेडसेटमध्ये शिकलेला, दोघंही सारखेच सोडवतील. बदल सांगायचा आणि परिणाम विचारायचा. महाविद्यालयांना माझं सांगणं इतकंच आहे : हेडसेट घेण्याआधी विक्रेत्याला त्या हृदयातली एक झडप अरुंद करायला सांगा. दाब बदलला, भिंतीवरचा ताण वाढला, तर पुढचं बोलणं करा. काहीच बदललं नाही, तर ते पैसे डिसेक्शन हॉलला आणि आणखी एका शिक्षकाच्या पगाराला द्या.